सर वर्गात नीट वागत नाहीत, मग पालकांनी करायचं तरी काय?

वर्गात सर किंवा मॅडम नीट वागत नाहीत असं पोरगं घरी येऊन सांगतं तेव्हा आपल्या खान्देशात साधारण दोनच गोष्टी होतात. एक तर घरातलं मोठं माणूस म्हणतं जाऊ दे, सर आहेत, बोलले तर बोलले, आम्ही काय कमी मार खाल्ला का, आणि विषय तिथेच संपतो. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी पाच-सहा मोटरसायकली शाळेच्या गेटवर, मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटले जातात, कोणीतरी मोबाईलवर शूटिंग घेतो आणि संध्याकाळपर्यंत ते गावाच्या ग्रुपवर फिरत असतं. पहिल्यात पोराला कळतं की घरी सांगून उपयोग नाही. दुसऱ्यात सगळी चर्चा पालकांच्या दादागिरीवर येऊन थांबते, सर वर्गात काय बोलले होते ते कोणाच्या लक्षातही राहत नाही.

या दोघांच्या मधे एक रस्ता आहे, तो जरा कंटाळवाणा आहे, कागदाचा आहे, पण त्याच रस्त्याने काम होतं. मी काही वर्षं शाळा व्यवस्थापन समितीत बसलोय, तिथे आलेल्या तक्रारी पाहिल्यात, आणि त्यातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे: माणूस कसा आहे यावर लिहिलेली तक्रार हवेत विरते, वर्गात काय घडलं यावर लिहिलेली टिकते. ते कसं करायचं ते सांगतो.

आधी हे ठरवा, प्रकार कोणता

सगळ्या तक्रारी एका मापाच्या नसतात. सर भरभर शिकवतात, अक्षर कळत नाही, मॅडम होमवर्क जास्त देतात, स्वभावाने कडक आहेत, ही तक्रार नाही, हे बोलायचं काम आहे. पालक सभेला जा, नाहीतर शाळा सुटल्यावर पाच मिनिटं भेटा, बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

दुसरा प्रकार गैरवर्तनाचा. तासाला उशिरा येणं, वर्गात बसून मोबाईल बघत राहणं, पोरांना पुडी आणायला टपरीवर पाठवणं, स्वतःची गाडी धुवून घेणं, माझा क्लास लावा नाहीतर बघून घेईन असा दबाव, छडी, कान पिरगाळणं, उन्हात उभं करणं, आणि तोंडाने केलेला अपमान. यातल्या बऱ्याच गोष्टींवर कायदा सरळ बोलतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. त्याचं कलम १७ म्हणतं की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळही करायचा नाही, केला तर सेवा नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. कलम २४ मधे शिक्षकाची कामं लिहिली आहेत, वेळेवर आणि नियमित येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं, पालकांना भेटून मुलाची प्रगती सांगणं. कलम २८ म्हणतं शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही. म्हणजे "सर आमच्याच क्लासला या म्हणतात" ही कुरकुर नाही, कायद्यातली गोष्ट आहे.

यात एका गोष्टीवर मला जास्त बोलायचंय कारण ती आपल्याकडे रोज होते आणि कोणीच तिला तक्रार समजत नाही. पहिली-दुसरीतलं पोरगं वर्गात उठून म्हणतं "माले पानी पेनं शे" आणि सर त्याची नक्कल करतात, सगळा वर्ग हसतो. पोरगं घरी अहिराणी बोलतं, त्याची माय बोलते, आजी बोलते, त्याला दुसरी भाषा शाळेतच पहिल्यांदा भेटते. धडगावकडे पोरं पावरी बोलतात, अक्कलकुव्याकडे भिली, यावल-रावेरकडे तडवी आणि लेवा बोली. त्या पोराला एकदा हसलं की ते महिनाभर हात वर करत नाही, आणि मग रिपोर्टमधे शेरा येतो, वर्गात सहभाग कमी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मधे लिहिलंय की शक्य असेल तिथपर्यंत मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं आणि मूल भीती, दडपण, चिंता यातून मोकळं होऊन आपलं म्हणणं मांडू शकेल असं बघावं. म्हणजे प्रमाण मराठी शिकवायलाच पाहिजे, पण पोराच्या बोलीची टिंगल करणं हा शिकवण्याचा भाग होऊच शकत नाही, तो मानसिक छळ आहे आणि तो तसाच लिहून द्यायला पाहिजे. जातीवरून, बापाच्या धंद्यावरून, रंगावरून, आईबापाच्या भांडणावरून वर्गात बोललं गेलं तरी तेच.

तिसरा प्रकार गुन्ह्याचा. लैंगिक स्पर्श, घाणेरडं बोलणं, मोबाईलवर नको ते दाखवणं, एकटीला थांबवून घेणं, किंवा मारून जखम करणं. इथे वर सांगितलेला कागदाचा हळू रस्ता लागू नाही. इथे सरांना आधी भेटायचं नाही, मुख्याध्यापकांची वाट बघायची नाही, गावात बैठक घेऊन मिटवायचं तर अजिबात नाही. थेट पोलीस, ११२, किंवा १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन, ती चोवीस तास चालू असते आणि फुकट आहे. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, तो २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे असा लैंगिक प्रकार कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, शाळेवर पण, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यामुळे कोणी म्हणालं की शाळेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू, तर त्याला हे ऐकवा. चांगल्या हेतूने माहिती दिली म्हणून तुमच्यावर काही येत नाही, हे पण त्याच कलमात लिहिलंय.

बऱ्याच आया पोलीस स्टेशनच्या नावानेच घाबरतात, पोरीला तिथे कसं न्यायचं म्हणून. पोक्सोमधे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, होईल तिथपर्यंत महिला अधिकाऱ्याने, वर्दी न घालता, आणि मुलाला रात्री पोलीस स्टेशनला ठेवता येत नाही. आमच्या हद्दीत येत नाही असं सांगून परत पाठवता येत नाही, कोणत्याही स्टेशनला एफआयआर घ्यावीच लागते, मग ती योग्य ठिकाणी पाठवतात.

पोराला विचारायचं कसं

पोरगं सरळ कधी सांगत नाही. "माले शाळामा जानं नही" एवढंच म्हणतं, नाहीतर ठरावीक दिवशीच पोट दुखतं, दप्तर भरायला टाळाटाळ करतं. तेव्हा सगळ्या घरासमोर उलटतपासणी घेऊ नका. शेतावर जाताना, गाडीवर मागे बसलेलं असताना, भाकरी थापताना शेजारी बसलेलं असताना विचारा, नजरेला नजर नसली की पोरं जास्त बोलतात. "सरांनी मारलं का तुले?" असं विचारलं तर ते हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, दोन्हीचा उपयोग नाही. "काय व्हयनं रे भाऊ आज वर्गामा?" असं विचारा आणि गप्प बसा. मग? आणि मग? एवढंच. त्याच्या तोंडात आपले शब्द घालू नका, कारण पुढे चौकशीत कोणी विचारलं की हे तुला कोणी सांगायला लावलं, तर ते गडबडतं आणि खरी गोष्ट खोटी दिसायला लागते.

आणि मारायची धमकी देऊन विचारू नका, "तूच काहीतरी केलं असशील" हे तर म्हणूच नका. केलं असेल मस्तीही, पोरगं आहे. म्हणून सरांनी त्याला आईवरून बोलायचं का?

ऐकून झालं की त्याच रात्री वहीत लिहून ठेवा. तारीख, वार, कितवा तास, कोणता विषय, कोण काय बोललं ते त्याच शब्दात, अहिराणीत सांगितलं असेल तर अहिराणीतच, आजूबाजूला कोण पोरं होती, आणि पोरावर परिणाम काय झाला. वळ उठला असेल तर फोटो काढा आणि सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. ही वही पुढे वकिलाच्या वरचं काम करते, कारण दोन महिन्यांनी कोणालाच वार आठवत नसतो.

कागदावर काय लिहायचं

गैरवर्तन एकदाच झालं असेल आणि फार गंभीर नसेल तर आधी सरांशीच बोला. एकटे जा, किंवा नवरा-बायको जा, गर्दी नेऊ नका. "सर, पोरगं असं असं सांगतंय, तुमच्याकडून काय झालं ते ऐकायचंय" एवढी सुरुवात पुरे. बरेचदा सरांना माहीतच नसतं की आपलं एक वाक्य पोराच्या किती आत गेलंय, आणि चांगला शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात ते सावरून घेतो. मी असे शिक्षक पाहिलेत. ज्या अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते तो आपलाच मुलूख, मायेने शिकवणाऱ्या गुरुजींची इथे कमी नाही, म्हणून तर जे तसं वागत नाहीत त्यांना झाकून ठेवायला नको.

पुन्हा तेच झालं, किंवा सर उलट पोरावरच डूख धरायला लागले, तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. आता नेहमी येतं ते पत्र बघा:

"सदर शिक्षक अत्यंत उर्मट असून नेहमी विद्यार्थ्यांना त्रास देतात. त्यांची तात्काळ बदली करण्यात यावी."

यावर मुख्याध्यापक काय करणार? उर्मट म्हणजे काय, त्रास म्हणजे काय, कधी? सर म्हणणार, मी असं काही करत नाही. संपलं. आणि बदली मुख्याध्यापकांच्या हातात नसतेच. शिवाय खरं सांगू का, बदली मागणं मला आवडतच नाही, जो माणूस आपल्या पोराला नको तो दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या कोणाच्या पोराला कसा चालेल?

आता हे बघा:

"माझा मुलगा सहावी ब मधे शिकतो. मागच्या मंगळवारी चौथ्या तासाला गणिताच्या सरांनी त्याला फळ्यासमोर उभं केलं आणि 'बापाने केळीचे घड वाहिले, तू पण तेच वाहशील' असं सगळ्या वर्गासमोर म्हटलं. त्याच्या आदल्या आठवड्यात पण सर असंच बोलले होते, तेव्हा मी त्यांना भेटून विनंती केली होती. तेव्हापासून मुलगा शाळेत यायला तयार नाही. माझी विनंती आहे की सरांचं म्हणणं ऐकून घ्यावं, वर्गातल्या मुलांना भीती न दाखवता विचारावं, असं बोलणं पुन्हा होणार नाही हे बघावं, आणि काय केलं ते मला लेखी कळवावं. तक्रार केली म्हणून मुलाला त्रास होऊ नये याची काळजी शाळेने घ्यावी."

यात शिवी नाही, राग नाही, पण वार आहे, तास आहे, वाक्य आहे. याला उत्तर द्यावंच लागतं. सरांनाही नेमकं कशाचं उत्तर द्यायचं ते कळतं, जे त्यांच्या दृष्टीनेही बरोबर आहे. तारीख टाका, दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक, सही-शिक्का घेऊन ती प्रत घरी ठेवा. पोच देत नसतील तर भांडू नका, तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच.

चार-पाच पोरांच्या बाबतीत तेच घडत असेल तर चार-पाच पालकांनी मिळून सह्या करा, म्हणजे एकट्याचंच पोरगं सरांच्या डोळ्यावर येत नाही. पण प्रत्येकाने आपापल्या पोराचं काय झालं ते वेगळं लिहा, नुसत्या पन्नास सह्यांच्या कागदाला वजन नसतं, निम्म्यांना माहीतही नसतं कशावर सही केली.

कोणत्या दारात जायचं

मुख्याध्यापकांनी काही केलं नाही, किंवा तक्रार त्यांच्याच विरुद्ध आहे, तर वर जायचं. इथे बहुतेक लोक चुकीच्या ऑफिसला जातात आणि महिना वाया जातो.

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक, त्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी. या शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या महिला असायलाच पाहिजेत, तिथे विषय मांडा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. इतिवृत्तात आलं नाही तर सभेत बोललेलं बोललंच नाही असं समजा.

संस्थेची अनुदानित हायस्कूल असेल, आपल्याकडे तालुक्याला अशाच जास्त, तर तिथे शिक्षकाचा मालक संस्था आहे. म्हणून पत्र संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांना आणि प्रत शिक्षणाधिकारी माध्यमिक यांना. या शिक्षकांना १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. मोठी कारवाई करायची तर तीन जणांची चौकशी समिती बसते, त्यात एक माणूस शिक्षकाने सुचवलेला असतो. विनाअनुदानित इंग्लिश मीडियमलाही हाच कायदा आहे, "आमची प्रायव्हेट शाळा आहे, आम्ही बघून घेऊ" हे खरं नाही. सीबीएसई असेल तर बोर्डाच्या प्रादेशिक कार्यालयालाही लिहिता येतं. महापालिकेची शाळा असेल तर पालिकेच्या शिक्षण विभागाचे प्रशासन अधिकारी. शिक्षणाधिकाऱ्यांच्या वर आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी शिक्षण उपसंचालक, नाशिक.

आदिवासी आश्रमशाळेचं, म्हणजे आदिवासी पोरांच्या निवासी शाळेचं, वेगळं आहे आणि ते नीट लक्षात ठेवा. ती आदिवासी विकास विभागाकडे असते, तिथे दार म्हणजे प्रकल्प कार्यालय. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याची पोरं असतील तर तळोदा, नंदुरबार-नवापूर-शहाद्याची असतील तर नंदुरबार, साक्री-शिरपूरकडे धुळे, आणि जळगाव जिल्ह्यासाठी यावल. वर अपर आयुक्त, नाशिक. ही पोरं तिथेच राहतात, आईबाप ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत कामाला, भेट होते ती दिवाळीला नाहीतर होळीला, तोपर्यंत पोराच्या मनात काय चाललंय कोणाला कळत नाही. म्हणून आश्रमशाळेतल्या पोराला १०९८ हा नंबर पाठ करून द्या, कोणाच्याही फोनवरून लावता येतो. गावातल्या शिकलेल्या पोरांनी मधेअधे त्या शाळेत चक्कर मारली तरी खूप फरक पडतो.

प्रत्येक शाळेत दिसेल अशा ठिकाणी तक्रारपेटी असावी असा शासनाचा आदेश आहे, आणि २०२२ पासून मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करायची आहे. ऑगस्ट २०२४ मधे बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला, त्यानंतर शासनाने या दोन्हींवर आणि सीसीटीव्हीवर पुन्हा जोर दिला. तुमच्या शाळेत पेटी आहे का, तिची चावी कोणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली, हे पालक सभेत मोठ्याने विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत.

तक्रार दिल्यावर

सरांना खुलासा मागितला जाईल, कारणे दाखवा नोटीस येईल, चौकशी लागेल. सरांना आपली बाजू मांडायचा हक्क आहे आणि तो असलाच पाहिजे, कारण आरोप चुकीचाही असू शकतो, गावच्या राजकारणातून शिक्षकाला गुंतवल्याचं पण घडतं. एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं, वैतागलेला माणूस चुकीचं बोलून जातो. हे समजून घ्या, पण समजून घेणं म्हणजे पोराचा अपमान गिळणं नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाला, म्हणजे जिल्हा परिषद किंवा पालिकेला, तक्रारीवर दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यात निर्णय द्यायचा असतो. तिथे समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. मधल्या काळात कागद हलत नसेल तर माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका, "माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर आजपर्यंत काय कार्यवाही झाली", तीस दिवसात उत्तर द्यावं लागतं, आणि अनेकदा हा अर्ज गेल्यावरच फाईल उघडते.

सगळ्यात मोठी भीती मार्कांची. दहावीला लेखी ऐंशी आणि वीस मार्क शाळेच्या हातात, बारावीला प्रॅक्टिकल, आणि सर म्हणतात बघतो तुला. भीती खोटी नाही. म्हणून पहिल्याच पत्रात ते "त्रास होऊ नये" वाक्य टाका, पोराच्या वह्या, जर्नल, चाचणीचे पेपर जपून ठेवा, म्हणजे मार्क अचानक पडले तर दाखवायला काहीतरी असेल.

आणि ग्रुपवर टाकू नका. कितीही राग आला तरी. पोक्सोचा विषय असेल तर मुलाचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही पसरवणं हा गुन्हाच आहे, आपल्याच पोराचं असलं तरी. आणि साध्या तक्रारीतही व्हिडिओ एकदा गेला की पोरगं गावभर "तो सरांवाला" होतं, आणि चौकशी करणारा माणूस सगळ्यात आधी तो व्हिडिओ कोणी टाकला हेच विचारतो.

निकाल काहीही लागो, सरांनी माफी मागितली, समज दिली गेली, किंवा काही सिद्ध झालं नाही, तो पोराला घरी बसवून त्याच्या भाषेत सांगा. ते वर्गात परत बसायला लागलं की पहिले दोन-तीन आठवडे रोज विचारत राहा, आणि वही चालूच ठेवा.